तारेपासून प्रकाशतंतूपर्यंत : मुंबई-पुणे वाटेवरील दळणवळणाचा इतिहास आणि बदलापूर परिसर

सारांश

काचेच्या तंतूतून प्रकाश वाहून नेता येतो, यामागील तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगाने सिद्ध झाले होते. मात्र त्यावर आधारलेली दूरसंचार व्यवस्था प्रत्यक्षात येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणे तपासली असून, प्रकाशतंतूच्या भारतातील आगमनात मुंबई-पुणे पट्ट्याने बजावलेल्या भूमिकेचा आढावा घेतला आहे. तत्त्व, पदार्थ आणि वाट या तीन गोष्टी जुळून येईपर्यंत तंत्रज्ञान समाजापर्यंत पोहोचत नाही. आणि त्या जुळल्यानंतरही, वाटेवर असलेले प्रत्येक गाव जोडलेले असतेच असे नाही, हे बदलापूर परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशतंतू, पूर्ण आंतरिक परावर्तन, क्षीणन, दूरसंचार, समुद्री केबल, लोहमार्ग, बदलापूर.

१. प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधकर्त्यांच्या नावांभोवती फिरते. अमुक तत्त्व अमुक साली अमुक शास्त्रज्ञाने मांडले, एवढ्यावर समाधान मानले जाते. परंतु तत्त्व आणि त्याचा लोकजीवनातील वापर यांमध्ये जे अंतर असते, ते कोणत्या मार्गाने, किती काळात आणि कोणाच्या श्रमाने तुटले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ऑप्टिकल फायबर, म्हणजेच प्रकाशतंतू, हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण होय. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या धाग्यातून आज दूरध्वनी, दूरचित्रवाणी, बँकांचे व्यवहार आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील ई-नियतकालिके वाहत आहेत. ही किमया एका शोधाने घडलेली नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. भारताच्या बाह्य जगाशी असलेल्या संपर्काचे जवळजवळ प्रत्येक नवे साधन प्रथम मुंबई व पुणे या दोन शहरांच्या परिसरात अवतरले. समुद्री तार, बिनतारी संदेश, उपग्रह भूकेंद्र आणि प्रकाशतंतू यांचा क्रम लावला असता ही गोष्ट सहज ध्यानात येते. या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नगरे वसलेली आहेत. त्यामुळे या पट्ट्याचा इतिहास पाहताना, मोठ्या वाटेवरील लहान गावांच्या पदरात नेमके काय पडले, हाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

२. तत्त्वाचा इतिहास : प्रकाश कोंडून ठेवण्याची युक्ती

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे शालेय पुस्तकातील पहिले वाक्य. तो वळणदार मार्गाने नेता येईल ही कल्पना त्यामुळेच विलक्षण वाटते. १८४१ मध्ये जिनिव्हा येथील डॅनिएल कोलाडॉन यांनी टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत प्रकाश सोडून, तो धारेच्या वळणाबरोबर खाली येतो हे दाखविले. १८५४ मध्ये जॉन टिंडॉल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असाच प्रयोग करून दाखविला.

या प्रयोगांच्या मुळाशी पूर्ण आंतरिक परावर्तनाचे तत्त्व आहे. प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे जाताना स्तंभिकेपासून दूर वळतो. आपाती कोन वाढवीत नेला असता एका मर्यादेनंतर प्रकाश विरळ माध्यमात शिरतच नाही. तो संपूर्णपणे घन माध्यमातच परत फिरतो. या मर्यादेला क्रांतिक कोन म्हणतात. काच आणि हवा यांच्या सीमेवर हा कोन सुमारे ४२ ते ४३ अंश असतो. साध्या आरशात प्रत्येक परावर्तनाच्या वेळी काही प्रकाश शोषला जातो. पूर्ण आंतरिक परावर्तनात मात्र तसा तोटा होत नाही. म्हणूनच काचेच्या धाग्यात लाखो वेळा परावर्तित होऊनही प्रकाश पुढे जाऊ शकतो.

तथापि उघड्या काचेच्या धाग्याला एक मोठी उणीव होती. त्यावर ओरखडा पडला, धूळ बसली किंवा शेजारच्या धाग्याचा स्पर्श झाला की त्या ठिकाणी प्रकाश बाहेर झिरपत असे. यावर उपाय म्हणजे धाग्याला किंचित कमी अपवर्तनांकाचे वेष्टन देणे. आजच्या तंतूत आतील भागाला गाभा आणि बाहेरील थराला वेष्टन म्हणतात. दोघांच्या अपवर्तनांकांत साधारणतः एक टक्क्याचा किंवा त्याहूनही कमी फरक असतो. एक टक्का फरक धरला तर क्रांतिक कोन सुमारे ८२ अंश येतो. म्हणजे तंतूच्या अक्षाशी आठ अंशांच्या आत असलेले किरणच गाभ्यात टिकून राहतात. परावर्तन काच आणि हवा यांच्या सीमेवर न होता गाभा आणि वेष्टन यांच्या सीमेवर होत असल्याने बाहेरील धूळ वा स्पर्श यांचा परिणाम होत नाही.

ही कल्पना मूर्त स्वरूपात येण्यास १९५० चे दशक उजाडावे लागले. १९५४ च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात दोन लेख प्रसिद्ध झाले. एक हॉलंडमधील अब्राहम व्हॅन हील यांचा होता. त्यात वेष्टनाची कल्पना मांडलेली होती. दुसरा लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदर सिंह कपानी यांचा होता. तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे त्यात दाखविले होते. पंजाबमधील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेल्या आणि आग्रा विद्यापीठात शिकलेल्या कपानी यांनी पुढे १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील लेखाद्वारे या शाखेचे 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केले.

या संशोधनाचा पहिला लाभ वैद्यकास झाला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस यांनी १९५६ च्या अखेरीस काचेचे वेष्टन असलेला काचेचा तंतू तयार केला आणि त्याच्या आधारे बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये जठराच्या तपासणीची लवचीक दुर्बीण प्रत्यक्ष वापरात आणली. रुग्णाच्या शरीरात ताठ नळी घालण्याची आवश्यकता त्यामुळे उरली नाही. मात्र या दुर्बिणीत प्रकाशाला एखादा मीटर अंतरच तोडायचे होते. दूरसंचारासाठी ते किलोमीटरांत मोजावे लागणार होते.

३. पदार्थाचा इतिहास : काचेची शुद्धता

तंतूतून जाताना प्रकाश क्षीण होत जातो. हे क्षीणन डेसिबल या एककात मोजतात. दहा डेसिबल घट म्हणजे दहावा भाग उरणे, वीस डेसिबल घट म्हणजे शंभरावा भाग उरणे. १९६० च्या दशकातील उत्तम काचेच्या तंतूतही दर किलोमीटरला सुमारे एक हजार डेसिबल घट होत असे. अशा तंतूत वीस मीटर अंतरातच प्रकाशाचा शंभरावा भाग शिल्लक राहतो. या स्थितीत काचेतून दूरध्वनी पाठविण्याची कल्पना बहुतेक अभियंत्यांना अव्यवहार्य वाटली, यात नवल नाही.

इंग्लंडमधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये या समजुतीला आव्हान दिले. प्रकाशाचा नाश काच या पदार्थामुळे होत नसून तिच्यातील लोह, तांबे आदी धातूंच्या अशुद्धीमुळे होतो; अशुद्धी दूर केल्यास क्षीणन दर किलोमीटरला वीस डेसिबलपर्यंत खाली आणता येईल आणि तेवढे दूरसंचारास पुरेसे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी दर किलोमीटरला सुमारे १७ डेसिबल घट असलेला तंतू बनविला. त्याच वर्षी सामान्य तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर सोव्हिएत संघ व अमेरिका या दोन्ही देशांत साध्य झाला. मार्ग आणि दिवा एकाच वर्षी हाती आले, असे म्हणता येईल.

शुद्ध काच मिळविण्याची रीतही उल्लेखनीय आहे. वाळू वितळवून ही काच बनत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ऊर्ध्वपातनाने अतिशुद्ध करून त्याच्या बाष्पापासून काचेचे थर बसविले जातात. गाभ्याचा अपवर्तनांक किंचित वाढविण्यासाठी त्यात जर्मेनियम मिसळतात. अशा रीतीने तयार झालेली जाड कांडी उंच मनोऱ्यावरील सुमारे २००० अंश सेल्सियसच्या भट्टीत मऊ करून तिच्यातून १२५ मायक्रोमीटर व्यासाचा अखंड धागा ओढला जातो. लांब पल्ल्याच्या तंतूत गाभ्याचा व्यास केवळ नऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. इतक्या अरुंद गाभ्यात प्रकाशाचा एकच प्रकार संभवतो. रुंद गाभ्यात किरण वेगवेगळ्या लांबीच्या मार्गांनी जाऊन स्पंद पसरट होतात. तो दोष येथे राहत नाही. एकमार्गी तंतूत परावर्तित किरणाचे चित्र अपुरे पडते आणि तरंगांच्या भाषेतच विचार करावा लागतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशासाठी क्षीणन दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल इतके कमी आहे. याचा अर्थ स्थानिक अंतरात सांगता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर लोहमार्गाने ६८ किलोमीटर आहे. तेवढ्या लांबीच्या अखंड तंतूत घट होईल सुमारे १३.६ डेसिबल, म्हणजे मुंबईत सोडलेल्या प्रकाशाचा चार टक्क्यांहून अधिक भाग बदलापुरात पोहोचेल आणि तो ओळखणे आजच्या ग्राहीला अवघड नाही. काचेतील प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धरल्यास या प्रवासास एका सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाहून फारसा अधिक वेळ लागणार नाही.

श्रेयाचा प्रश्नही येथेच विचारात घेणे उचित ठरेल. २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक काव यांना मिळाले, तेव्हा कपानी यांच्यावर अन्याय झाल्याची भावना भारतात व्यक्त झाली. कपानी यांचे २०२० मध्ये निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांचे कार्य मोठे होते यात शंका नाही. मात्र ते प्रतिमावहनाच्या क्षेत्रातील होते, तर काव यांचे कार्य लांब पल्ल्याच्या संदेशवहनासंबंधी होते. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना, प्रतिमा टिपणाऱ्या सीसीडी या अर्धवाहक घटकासाठी, मिळाला. याच घटकामुळे १९८० च्या दशकापासून जठरदर्शक दुर्बिणीतील प्रतिमावाही जुडगे मागे पडत गेले. शरीराच्या आत उजेड नेण्याचे काम तेवढे तंतूकडे राहिले. तंत्रज्ञानाचा पहिला उपयोग हाच त्याचा अंतिम उपयोग नसतो, याचे हे उत्तम निदर्शक आहे.

४. वाटेचा इतिहास : तार, बिनतारी आणि उपग्रह

तत्त्व आणि पदार्थ यांच्यानंतर तिसरी बाब वाटेची. तंतू कोठून न्यायचा, कोणाच्या जमिनीतून न्यायचा आणि कोणत्या गावी उतरवायचा, हे प्रश्न भौतिकशास्त्राचे नसून भूगोल व राज्यव्यवस्थेचे आहेत. मुंबई-पुणे पट्ट्यात त्यांची उत्तरे प्रकाशतंतू येण्यापूर्वीच बरीचशी ठरून गेलेली होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये कल्याणच्या पुढे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचला. बदलापूर या मार्गावर आले ते तेव्हाच. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाल्यावर मुंबई व पुणे सलग जोडली गेली. गाड्यांच्या नियंत्रणासाठी लोहमार्गाला तारायंत्राची जोड आवश्यक असल्याने रूळ आणि तारेचे खांब हे एकमेकांचे सोबती बनले.

१८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी थेट जोडली गेली. गटापर्चा या वनस्पतिजन्य चिकाने मढविलेल्या त्या तांब्याच्या तारेतून मिनिटाला मोजकेच शब्द जात. परंतु जहाजाने काही आठवडे लागणारी वार्ता त्यामुळे काही तासांवर आली. पुढे १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांच्या साहाय्याने भारत आणि ब्रिटन यांच्यात बिनतारी संदेशवहन सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ आर्वी येथे विक्रम भूकेंद्र कार्यान्वित झाले आणि परदेशी दूरध्वनी उपग्रहामार्गे होऊ लागला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने आवाज वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागे. त्या काळी परदेशी बोलताना जाणवणारा तो क्षणभराचा अडखळा पुष्कळांच्या स्मरणात असेल.

मुंबईचा समुद्रकिनारा, पुण्याचे पठार आणि दोहोंमधील लोहमार्ग अशी ही मांडणी आहे. साधने बदलली, पण स्थळे फारशी बदलली नाहीत.

५. मुंबई १९७५, पुणे १९७९

प्रकाशतंतूतून आवाज जसाच्या तसा न पाठविता अंकांच्या रूपात पाठविणे सोयीचे असते : दिवा लागला की एक, विझला की शून्य. म्हणून प्रकाशतंतूच्या आधी आवाजाचे अंकीकरण होणे आवश्यक होते. स्पंदसंकेत पद्धतीत, म्हणजे पीसीएममध्ये, आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ द्विमान अंकांत लिहितात; अशा रीतीने एका संभाषणास सेकंदाला ६४,००० अंक लागतात आणि एका जोडणीवर तीस संभाषणे एकत्र गुंफता येतात. ही पद्धत अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्ये कल्पिली होती. काव ज्या प्रयोगशाळेत काम करीत होते, त्याच प्रयोगशाळेत प्रकाशीय संदेशवहनाचा आग्रह धरणाऱ्यांत पुढे रीव्ह्ज यांचा समावेश होता.

भारतातील पहिली पीसीएम प्रणाली १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी येथील दूरध्वनी केंद्रांदरम्यान सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७९ मध्ये, स्थानिक केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू प्रणाली पुण्यात कार्यान्वित झाली. अमेरिकेत प्रकाशतंतूतून प्रत्यक्ष दूरध्वनी संभाषणे वाहू लागली ती १९७७ मध्ये. हे ध्यानात घेतले म्हणजे पुण्यातील प्रयोगाचे अगत्य कळते. जगाच्या तुलनेत भारत येथे केवळ दोन वर्षे मागे होता.

प्रारंभ शहरांतर्गत जोडणीने व्हावा, यालाही तांत्रिक संगती आहे. पहिल्या पिढीच्या प्रणाली ८५० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशावर आणि रुंद गाभ्याच्या बहुमार्गी तंतूंवर चालत. त्यांत दर काही किलोमीटरवर संदेश पुन्हा सबळ करावा लागे. एकाच शहरातील दोन केंद्रांमधील अंतर या मर्यादेत बसते. शिवाय जमिनीखालील जुन्या नळ्यांत तांब्याच्या जाड केबलच्या तुलनेत बारीक तंतू अत्यल्प जागा घेतात.

आरंभ असा वेळेवर होऊनही प्रसार मात्र सावकाश झाला. देशात अतिशुद्ध काचेचे मोठे उत्पादन नव्हते. संशोधनाच्या आघाडीवर दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अजॉय घटक आदींच्या गटाने आणि कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने भरीव कार्य केले. तथापि प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधील दरी भरून येण्यास वेळ लागला. महाराष्ट्रात ही दरी भरली ती १९९० च्या दशकात. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे स्टरलाइट समूहाने तंतूनिर्मितीचा कारखाना उभारला आणि कालांतराने काचेच्या कांडीपासून केबलपर्यंतची साखळी तेथे विकसित झाली. पुण्याच्या फिनोलेक्सनेही प्रकाशतंतू केबलच्या उत्पादनात पदार्पण केले. ज्या राज्यात पहिला तंतू कार्यान्वित झाला, त्याच राज्यात तो घडूही लागला. मात्र या दोन घटनांमध्ये सुमारे दीड दशक गेले.

६. समुद्रतळातून मुंबईला

१९८८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली प्रकाशतंतू केबल सुरू झाली. १९९४ मध्ये 'सी-मी-वी २' या केबलद्वारे मुंबई या जाळ्यात आली. १९९७ मध्ये सुमारे २८,००० किलोमीटर लांबीची, इंग्लंड ते जपान अशी 'फ्लॅग' केबल मुंबईस उतरली. या दुसऱ्या केबलचे वैशिष्ट्य तिच्यातील प्रवर्धकांत होते. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन येथील डेव्हिड पेन यांच्या गटाने एर्बियम या मूलद्रव्याचा अंश असलेला प्रवर्धक-तंतू विकसित केला होता. पूर्वी क्षीण प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करावे लागे. आता प्रकाशच प्रकाशाला बळ देऊ लागला. अनेक तरंगलांबींचे संदेश एकाच तंतूतून एकाच वेळी पाठविणे त्यामुळे व्यवहार्य झाले.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबईत उतरलेल्या या केबल त्या सेवेच्या वाढीचा कणा ठरल्या. नंतरच्या काळात वर्सोवा परिसर हा देशातील केबल-आगमनाचे प्रमुख ठिकाण बनला. केंद्रीकरणाचे धोकेही पुढे दिसून आले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी ४' व 'फ्लॅग' या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट वाहतुकीचा मोठा भाग काही दिवस विस्कळीत झाला. १८७० ची तारही सुएझमार्गेच आली होती. वेग कोट्यवधी पटींनी वाढला. अरुंद चिंचोळी मात्र तीच राहिली.

७. लोहमार्ग, प्रकाशतंतू आणि बदलापूर

समुद्रातून आलेला संदेश देशाच्या अंतर्भागात नेण्यासाठी पुन्हा लोहमार्गाचाच आधार घेण्यात आला. सप्टेंबर २००० मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या अधिपत्याखाली रेलटेल ही कंपनी स्थापन झाली. रेल्वेची स्वतःची नियंत्रण व संपर्क यंत्रणा आधुनिक करणे आणि रुळांलगतच्या जमिनीचा उपयोग करून देशभर प्रकाशतंतूचे जाळे उभारणे, हे तिचे हेतू होते. आज हे जाळे ६०,००० किलोमीटरहून अधिक आहे. विद्युतीकृत लोहमार्गाशेजारील तांब्याच्या तारांत उच्चदाबाच्या प्रवाहामुळे गोंगाट निर्माण होतो. काचेत वीज वाहत नसल्याने प्रकाशतंतूला त्याची बाधा होत नाही. रूळ आणि तंतू यांच्या सोबतीला असे नवे तांत्रिक कारण मिळाले.

याच गुणामुळे तंतूला दळणवळणापलीकडचेही उपयोग लाभले. तापमान, ताण किंवा कंप यांमुळे तंतूतील प्रकाशात होणारा सूक्ष्म बदल मोजून पूल, बोगदे, धरणे आणि नळवाहिन्या यांवर लक्ष ठेवता येते. ज्वलनशील द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यांत ठिणगीचा संभव नसलेला संवेदक किती मोलाचा, हे अंबरनाथ-बदलापूरसारख्या रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यात वेगळे सांगावयास नको.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वाटेवर असणे आणि जोडलेले असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. रेल्वेच्या नकाशावर बदलापूर हे मुंबईच्या उपनगरी सेवेचा भाग आहे. येथील हजारो नोकरदार दररोज मुंबईस ये-जा करतात. दूरसंचाराच्या नकाशावर मात्र सीमा निराळ्या आखल्या गेल्या. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमाच्या कार्यक्षेत्रात मुंबई, नवी मुंबई व ठाणे आले. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा भाग दूरसंचार खात्याकडे आणि २००० पासून भारत संचार निगमाकडे राहिला. मुंबईचा क्षेत्रसंकेतांक ०२२, तर या चार नगरांचा ०२५१. लोकल गाडीला जी सीमा जाणवत नव्हती, ती दूरध्वनीला जाणवत होती.

याचे मर्म प्रकाशतंतूच्या अर्थकारणात आहे. लांब पल्ल्याच्या तंतूचा लाभ दोन टोकांना होतो. मधल्या गावाला तो मिळण्यासाठी तेथे तंतू तोडून उपकरण बसवावे लागते, वितरणाचे जाळे पसरावे लागते आणि त्यासाठी पुरेसे ग्राहक असावे लागतात. रेल्वेगाडी स्थानकावर थांबली की गावाला सेवा मिळते. तंतूतील प्रकाश मात्र स्थानकाजवळून न थांबता निघून जातो. अलीकडच्या घरपोच प्रकाशतंतू योजनेत हे अंतर बरेच कमी झाले आहे. वीज न लागणारा विभाजक एका तंतूतील प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो. घराकडे येणारा संदेश एका तरंगलांबीवर आणि घरातून जाणारा दुसऱ्या तरंगलांबीवर असल्याने दोघांस एकच तंतू पुरतो. उपनगरांत ही शेवटच्या टप्प्याची जोडणी पुष्कळदा स्थानिक केबलचालकांच्या हातून झाली. इमारतीवरून इमारतीवर लोंबणाऱ्या काळ्या केबल हे तिचे दृश्य रूप होय.

शहराबाहेर हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्यास मान्यता दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणे हे तिचे उद्दिष्ट होते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मात्र एका गट ग्रामपंचायतीत अनेक गावे व पाडे समाविष्ट असतात. पंचायत कार्यालयात तंतू पोहोचला तरी डोंगरउतारावरील पाड्यापर्यंतचे अंतर शिल्लकच राहते. योजनेचा शेवटचा बिंदू आणि माणसाचे घर या दोहोंमधील हे अंतर काचेच्या शुद्धतेने तुटणारे नाही.

८. समारोप

प्रकाशतंतूच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, तत्त्व ज्ञात असणे पुरेसे नसते; कोलाडॉन यांच्या पाण्याच्या धारेपासून कॉर्निंगच्या तंतूपर्यंतचा प्रवास हा मुख्यतः पदार्थ शुद्ध करण्याचा प्रवास होता. दुसरी अशी की, नवे साधन जुन्या वाटेनेच येते. १८७० ची समुद्री तार, १८५६ चा लोहमार्ग आणि आजचा प्रकाशतंतू यांचे मार्ग पुष्कळ अंशी एकमेकांवर पडतात, आणि म्हणून दळणवळणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना भूगोल वगळता येत नाही. तिसरी अशी की, पुण्यातील १९७९ च्या जोडणीप्रमाणे वेळेवर झालेला आरंभ हा आपोआप प्रसारात परिणत होत नाही. त्यासाठी उत्पादन, धोरण आणि स्थानिक वितरण यांची साथ लागते.

बदलापूर परिसराचा अनुभव या तिसऱ्या निष्कर्षाला पुष्टी देतो. देशाच्या दोन प्रगत शहरांना जोडणाऱ्या वाटेवर असूनही या नगरांना प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र प्रतीक्षा करावी लागली. या प्रतीक्षेची स्थानिक साधने अद्याप उपलब्ध आहेत : नगरपालिकांचे ठराव, रस्ते खोदाईच्या परवानग्या, दूरध्वनी निर्देशिका, केबलचालकांच्या नोंदी आणि जुन्या तंत्रज्ञांच्या आठवणी. ही साधने कागदाची व स्मृतीची असल्याने ती लवकर नष्ट होणारी आहेत. इतिहास, भौतिकशास्त्र व वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी त्यांचे संकलन केल्यास, शेवटच्या टप्प्याचा जो इतिहास राष्ट्रीय पातळीवरील ग्रंथांत सहसा येत नाही, तो येथे लिहिला जाऊ शकेल.